पंजाबराव आणि कर्जाचा हिशेब

वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते, अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे, आणि त्यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून या प्रदेशातील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या कित्येक पिढ्या बाहेर पडल्या आहेत. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला राज्य शासन व्याजात जी सवलत देते, त्या योजनेलाही त्यांचेच नाव आहे. इतके असूनही पंजाबरावांचे स्मरण होते ते मुख्यतः शिक्षणमहर्षी म्हणून. ही उपाधी सार्थ आहे यात शंका नाही. परंतु उपाधीचा एक दोष असा की, ती एकदा चिकटली म्हणजे माणसाचे उरलेले कर्तृत्व तिच्या मागे दडून जाते. सावकाराचे कर्ज, पैशाची किंमत आणि राज्यसंस्थेचे कर्तव्य या तीन गोष्टींची सांगड घालण्याचा एक धाडसी प्रयत्न १९३३ साली नागपूरच्या विधिमंडळात झाला आणि त्यामागे पंजाबरावांची खटपट होती, हे आज किती जणांच्या ध्यानात आहे? कर्जमाफीचा वाद दर निवडणुकीला नव्याने पेटत असताना त्या प्रयत्नाची उजळणी करणे अगत्याचे आहे.

कापसाचा मुलूख

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी, शामराव व राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी झाला. पुढच्याच वर्षी, १८९९-१९०० मध्ये, मध्य आणि पश्चिम हिंदुस्थानावर मोठा दुष्काळ कोसळला. पापळ आणि त्याच्या आसपासचा मुलूख काळ्या जमिनीचा, म्हणजेच कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. रेल्वे आली, अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या पेठांना बाजाराचे रूप आले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कापसाच्या व धान्याच्या बाजारांचे नियमन करणारा कायदा वऱ्हाडात १८९७ सालीच झाला. या बाबतीत वऱ्हाड साऱ्या देशाच्या पुढे होते.

परंतु या सुबत्तेची दुसरी बाजू होती. ज्वारी पिकविणारा कुणबी धान्य घरात ठेवून वर्ष काढू शकत असे. कापूस घरात ठेवून कोणाचे पोट भरत नाही. तो विकावाच लागतो, आणि त्याचा भाव बांधावर न ठरता मुंबईत आणि लिव्हरपूलमध्ये ठरतो. बी, मजुरी, बैल आणि सारा यांसाठी लागणारा पैसा मात्र पेरणीपूर्वीच हवा असतो. शिवाय रयतवारी पद्धतीने जमीन गहाण टाकण्याचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळालेला होता. साहजिकच सावकाराला उत्तम तारण लाभले. नगदी पिकाबरोबर नगदी कर्जही आले, आणि कर्जाबरोबर गहाणखत, हुकूमनामा, जप्ती व लिलाव हे शब्द खेड्यापाड्यांत घरोघरी ओळखीचे झाले.

वेदांचा अभ्यासक, शेतकऱ्यांचा बॅरिस्टर

प्राथमिक शिक्षणानंतर पंजाबराव अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२० साली ते विलायतेला गेले. एडिंबरो येथे पदवी, ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर डॉक्टरेट, आणि त्याबरोबरच बॅरिस्टरी, असे तिहेरी यश घेऊन ते परतले. ज्या समाजाला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला होता, त्या समाजातील एका शेतकऱ्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, ही घटना त्या काळी किती बोलकी होती हे निराळे सांगावयास नको.

विद्वत्तेची खुर्ची सहज मिळाली असती. परंतु पंजाबरावांनी अमरावतीत वकिली आरंभली आणि सार्वजनिक कामात उडी घेतली. बहुजन समाजातील मुलांसाठी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९२७ साली त्यांनी जातीबाहेर विवाह केला. त्यांच्या पत्नी विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जो लढा उभा राहिला, त्यात ते अग्रभागी होते. त्याच सुमारास त्यांनी शेतकरी संघाची उभारणी केली, आणि १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रसार करणे ही त्या कारकिर्दीतील ठळक कामे. वकिलीच्या निमित्ताने मात्र त्यांच्यापुढे एक वेगळेच दृश्य रोज उभे राहत असले पाहिजे. दिवाणी न्यायालयात सावकाराचा दावा आणि शेतकऱ्याची हार हा त्या काळी नित्याचा प्रकार होता. आणि न्यायाधीश कितीही सज्जन असला तरी कागदावरील आकड्यापुढे त्याचेही हात बांधलेले असत.

अठरा पेन्सांचा रुपया

त्या काळी देशात एक वाद गाजत होता. आज तो विस्मृतीत गेला असला तरी वऱ्हाडच्या कर्जाशी त्याचा निकटचा संबंध आहे. रुपयाची किंमत सोळा पेन्स असावी की अठरा पेन्स, असा तो वाद. १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने अठरा पेन्सांची शिफारस केली आणि १९२७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. आयोगाचे एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा दर मागितला होता. पण ती मागणी मान्य झाली नाही.

दोन पेन्सांच्या फरकाने शेतकऱ्याचे असे काय बिघडते, असे विद्यार्थ्यांना वाटेल. हिशेब सोपा आहे. एका पौंडाचे २४० पेन्स होत. विलायतेत एक पौंडाला विकल्या गेलेल्या कापसाचे सोळा पेन्सांच्या दराने पंधरा रुपये येतात. अठरा पेन्सांच्या दराने तेरा रुपये, पाच आणे, चार पै. म्हणजे कापूस तोच, परदेशातील भाव तोच, आणि हिंदुस्थानात हाती येणारी रक्कम नवव्या हिश्श्याने कमी. सावकाराच्या वहीतील आकडा मात्र रुपयांत लिहिलेला. तो तिळमात्र घटत नाही. उलट सरकारला विलायतेत जी रक्कम पौंडांत भरावी लागे, ती अठरा पेन्सांच्या दराने स्वस्तात भागत असे.

या वादाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ च्या डिसेंबरात याच आयोगापुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त केल्याने होणारा लाभ बाहेरून येत नाही, तो देशातीलच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो, आणि ज्याची मजुरी बांधलेली आहे त्याला महागाईचा फटका बसतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हा मुद्दा खोडून काढणे सोपे नाही. बांधलेल्या पगारावर जगणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनाला धान्य-कापड स्वस्त झालेले हवे असते. धान्य-कापूस पिकविणाऱ्याला ते महाग झालेले हवे असते. चलनाचा कोणताही दर सर्वांना सारखा लाभदायक नसतो. म्हणूनच चलनाचा प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसणे लोकशाहीला परवडणारे नाही. कोणाचे किती जाते आणि कोणाला किती मिळते, हे उघड मांडून वाद झाला पाहिजे.

मंदीचा तडाखा

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जागतिक मंदी आली. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेत सुरू झालेल्या पडझडीने वऱ्हाडच्या कापसाचा भाव पाहता पाहता निम्म्याहून खाली आणला. शंभर रुपये कर्ज फेडण्यास पूर्वी जितका कापूस लागे, त्याच्या दुप्पट आता लागू लागला. शेतकऱ्याने नवे कर्ज काढले नव्हते, उधळपट्टीही वाढविली नव्हती. तरी त्याचे कर्ज दुप्पट झाले होते. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलनाचा त्याग केला आणि रुपया अठरा पेन्सांच्या दरानेच पौंडाला बांधून ठेवण्यात आला. सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या अंगावरचे डाग मोडून ते सोने मुंबई बंदरातून बाहेर जाऊ लागले. सरकारी आकडेवारीत ती निर्यात म्हणून नोंदली गेली. पण अनेक घरांच्या दृष्टीने ती अखेरची पुंजी होती.

अशा वेळी पंजाबराव सत्तेवर आले. १९३० साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि शिक्षण, कृषी आदी खात्यांचे मंत्री झाले. वऱ्हाडची स्थिती त्या काळी मोठी विचित्र होती. हा मुलूख कायद्याने निजामाचा. १९०२ च्या कराराने तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आलेला. त्यामुळे वऱ्हाडातून लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना नागपूरच्या सभागृहात बसण्यासाठी सरकारी नेमणुकीचा उपचार पार पाडावा लागे, आणि मध्यप्रांताचे कायदे वऱ्हाडाला वेगळ्या आदेशाने लागू करावे लागत. त्यातच द्विदल राज्यपद्धती. शिक्षण, शेती, सहकार यांसारखी खाती मंत्र्यांकडे; तिजोरी, महसूल आणि पोलीस गव्हर्नरच्या सल्लागारांकडे. चलनाचा दर तर नागपूरच्याच काय, दिल्लीच्याही हाती पुरता नव्हता. त्याचे सूत्र लंडनला होते. शेतकऱ्यांच्या जिवावर निवडून आलेल्या मंत्र्याच्या हाती कापसाचा भाव नव्हता, रुपयाचा दर नव्हता आणि तिजोरीची किल्लीही नव्हती.

तीन मार्ग

कर्जाच्या प्रश्नावर त्या वेळी तीन मते होती. पहिले असे की, करार तो करार. सरकारने त्यात हात घातला तर खेड्यातील पत बुडेल आणि उद्या शेतकऱ्याला कोणी दमडीही उसनी देणार नाही. दुसरे मत दुसऱ्या टोकाचे: सावकारी पाशातील कर्ज एका फटक्यात रद्द करावे. तिसरे मत असे की, भाव कोसळल्यामुळे वाढलेला बोजा हा ना ऋणकोचा गुन्हा, ना धनकोचे कर्तृत्व. तेव्हा दोघांना समोरासमोर बसवून कर्जाचा आकडा शेतकऱ्याच्या ऐपतीशी जुळवून घ्यावा आणि ठरलेली रक्कम हप्त्यांनी फेडली जावी. मध्यप्रांताने तिसरा मार्ग स्वीकारला. १९३३ चा मध्यप्रांत कर्ज समेट कायदा, ज्याला आपल्याकडे कर्ज लवाद कायदा म्हणण्याची रूढी पडली, तो याच विचारातून जन्मला.

या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ठिकठिकाणी समेट मंडळे नेमावयाची. कर्जबाजारी शेतकऱ्याने अथवा त्याच्या धनकोने मंडळाकडे अर्ज करावयाचा. नोटीस निघाल्यावर प्रत्येक धनकोने आपल्या येण्याचा तपशील मुदतीत सादर करावयाचा. जो सादर करणार नाही त्याचे येणे बुडाले असे धरावयाचे. मग मंडळाने मूळ रक्कम किती, व्याज किती, आजवर फेड किती आणि शेतकऱ्याची ऐपत किती हे तपासून समेट घडवून आणावयाचा. धनकोंपैकी पुरेशा हिश्श्याचे येणे असणाऱ्यांनी मान्यता दिली म्हणजे तो समेट नोंदवून पक्का व्हावयाचा. वाजवी तडजोड धुडकावून दिवाणी न्यायालयाची वाट धरणाऱ्या सावकाराला तेथे खर्चाच्या व व्याजाच्या बाबतीत अडचण सोसावी लागेल, अशी तरतूदही होती. लवाद हा शब्द रूढ झाला असला तरी मंडळाला निवाडा लादण्याचा सरसकट अधिकार नव्हता. कायद्याचा दंडुका कोपऱ्यात उभा करून समोपचाराने मार्ग काढण्याचे ते यंत्र होते.

हा कायदा देशातील या प्रकारचा पहिला. पंजाबचा कायदा १९३४ साली झाला, बंगालचा १९३५ साली आणि मद्रासचा १९३६ साली. पुणे-नगरकडे १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली जो कायदा झाला होता, त्याने शेतकऱ्याला न्यायालयात संरक्षण दिले होते. मध्यप्रांताच्या कायद्याने त्याला न्यायालयाबाहेर, त्याच्या भाषेत आणि त्याच्या तालुक्यात, आपले म्हणणे मांडण्याची जागा दिली. त्याच सुमारास अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि १९३४ च्या जानेवारीत सोन्याची किंमत औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलरवर नेली. कर्जाचा आकडा कमी करण्याऐवजी शेतमालाचे भाव वर उचलावे, म्हणजे तोच आकडा हलका होईल, असा त्यामागचा हेतू होता. ज्याच्या हाती चलन असते तो भाव उचलू शकतो; ज्याच्या हाती ते नसते त्याला कर्जाचाच आकडा छाटावा लागतो. पराधीन प्रांताच्या मंत्रिमंडळापुढे हा दुसराच पर्याय होता, आणि तो वापरण्याची हिंमत त्यांनी दाखविली हे त्यांचे श्रेय.

पंजाबरावांची दृष्टी सावकाराच्या वहीपुरती मर्यादित नव्हती. १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक मांडले. देवस्थानांकडे साठलेली संपत्ती शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामी लागावी, हा त्यामागचा विचार होता. त्यावर मोठे काहूर उठले आणि विधेयक फळाला आले नाही. परंतु समाजात निजून राहिलेला पैसा आणि समाजाला हवा असलेला पैसा यांची गाठ घालून द्यावी, ही त्यांची विचारदिशा त्यातून स्पष्ट होते.

कायद्याच्या मर्यादा

गौरव करताना दोष झाकणे योग्य नव्हे. कर्ज समेट कायद्याने जुने ओझे हलके केले. नव्या पतपुरवठ्याची सोय मात्र केली नाही. पहिल्या मताचे लोक जी भीती दाखवीत होते ती अगदीच निराधार ठरली नाही. अनेक सावकारांनी हात आखडता घेतला आणि काहींनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याचा मार्ग पत्करला. पैसे परत मिळाल्यावर जमीन परत देऊ असे तोंडी आश्वासन, आणि कागदोपत्री मात्र विक्री, अशी ही युक्ती होती. दुसरे असे की, ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच या कायद्याचा खरा आधार. शेतमजुराच्या कर्जाला येथे फारसे स्थान नव्हते. समेटाचे हप्ते थकले म्हणजे प्रश्न पुन्हा मूळपदावर येई. पुढे सावकारी नियंत्रणाचे व व्याज कमी करण्याचे कायदे झाले, आणि १९३९ साली कर्जनिवारणाचा नवा कायदा करून समेट मंडळांच्या जागी न्यायालये आणावी लागली. याचा अर्थ केवळ समेटावर भागत नाही हे सरकारलाही कळून चुकले होते.

या उणिवेचे प्रत्यंतर पंजाबराव केंद्रात कृषिमंत्री असतानाच आले. संविधान सभेचे सदस्य म्हणून शेतकरी आणि मागासवर्ग यांची बाजू मांडल्यानंतर ते १९५२, १९५७ व १९६२ अशा तीन निवडणुकांत अमरावतीहून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रीय मंत्रिमंडळात कृषिखात्याची धुरा त्यांनी वाहिली. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली; १९५४ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा भाग अवघा तीन टक्क्यांच्या आसपास, आणि धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून जवळजवळ सत्तर टक्के, असे त्यात आढळले. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, कर्ज समेटाचा १९३३ चा, रिझर्व्ह बँक १९३५ ची आणि तिच्यात शेती पतपुरवठ्याचे स्वतंत्र खाते स्थापनेपासूनच. तरीही पन्नास वर्षांनंतर सावकार जेथल्या तेथे होता.

पंजाबरावांनी त्यातून घेतलेला धडा असा दिसतो की, संघटित झाल्याविना शेतकऱ्याचा तरणोपाय नाही. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. भाताच्या जपानी लागवडपद्धतीचा त्यांनी देशभर प्रचार केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हे त्यांच्या उद्यमाचे मोठेच फळ. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या प्रसंगी आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी पंजाबराव निवर्तले. योगायोग असा की, शेतमालाच्या किमतींची शिफारस करणारा आयोग केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या जानेवारीत नेमला होता. कर्ज, पत आणि भाव या तीन खांबांपैकी तिसरा खांब उभारण्यास त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस आरंभ झाला. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन होऊन त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

आजचा प्रश्न

आता वर्तमानाकडे वळू. गेल्या काही दशकांत वऱ्हाडाने कर्जमुक्तीच्या अनेक घोषणा ऐकल्या. आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. २००८ साली केंद्राची देशव्यापी कर्जमाफी आली. तिच्यातील संपूर्ण माफी दोन हेक्टरांच्या मर्यादेत बसविल्यामुळे विदर्भातील कोरडवाहू शेतकरी, ज्याची जमीन जास्त पण उत्पन्न कमी, तो मोठ्या प्रमाणावर बाहेर राहिला. राज्य शासनाने २०१७ आणि २०१९ मध्ये पुन्हा योजना काढल्या. या सर्वांनी अनेकांना श्वास घेण्यास अवसर दिला, हे नाकारता येणार नाही.

परंतु १९३३ च्या कायद्याशी या योजनांची तुलना केली म्हणजे एक मूलभूत फरक नजरेत भरतो. आजच्या कर्जमाफीत सरकार आपल्या तिजोरीतून बँकेला रक्कम देते. भार करदात्यावर, श्रेय मंत्र्याला, आणि धनकोला आपल्या हिशेबाची झडती द्यावी लागत नाही. १९३३ चा कायदा तिजोरीतून एक पैही देत नव्हता. तो धनकोलाच विचारीत होता की, बाजार कोसळल्याने जे नुकसान झाले त्यातला तुझा वाटा किती? दुसरा फरक असा की, आजची योजना बँकेच्या खात्यापुरती असते. बँकेच्या दारात न पोहोचलेला, खासगी सावकाराच्या अथवा कृषिकेंद्राच्या उधारीवर जगणारा शेतकरी तिच्या कक्षेत येत नाही. राज्याने २०१४ साली सावकारी नियमनाचा कायदा करून बळकावलेल्या जमिनी परत मिळविण्याची वाट दाखविली आहे. पण कागदावर खरेदी आणि मनात गहाण असा व्यवहार सिद्ध करण्याचे काम ऋणकोला आजही जड जाते.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. कर्जमाफी एकदा येते आणि जाते. समेटाचे यंत्र कायम उभे राहू शकते. केरळने २००६ साली कायदा करून शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारण आयोग नेमला. ऋणको व धनको यांच्यात तडजोड घडविणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे. ज्या प्रांताने अशा प्रकारचा पहिला कायदा केला, त्याच्या वारसदारांनी ही कल्पना विसरून जावी हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त न्यायाधीश, सहकार खात्याचा अधिकारी, बँकेचा व शेतकऱ्यांचा प्रतिनिधी अशांचे कायमचे मंडळ असावे; भाव कोसळला वा पाऊस गेला की जप्तीपूर्वी प्रत्येक प्रकरण त्याच्यापुढे जावे; बँक असो, वित्तसंस्था असो वा सावकार असो, प्रत्येकाला हिशेब मांडणे भाग पडावे. यात अशक्य असे काही नाही. मात्र १९३३ ची चूक पुन्हा होऊ नये यासाठी समेट झालेल्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामाचे पीककर्ज देण्याची हमी त्याच कायद्यात असली पाहिजे, आणि कूळ, बटाईदार व शेतमजूर यांनाही त्या मंडळाचे दार उघडे असले पाहिजे. त्यांना वगळले तर मंडळ पुन्हा सातबाऱ्यापुरतेच उरेल.

पगारदार वर्ग या सूचनेकडे संशयाने पाहील. आपण गृहकर्जाचा हप्ता न चुकता भरतो, मग शेतकऱ्याला वेगळा न्याय का, हा त्याचा प्रश्न अवाजवी नाही. त्याचे उत्तर हिशेबातच आहे. पगारदाराचे उत्पन्न आणि त्याचा हप्ता हे दोन्ही रुपयांत ठरलेले असतात. महागाई वाढली तर महागाई भत्ताही मागोमाग येतो. शेतकऱ्याचा हप्ता रुपयांत ठरलेला आणि उत्पन्न मात्र क्विंटलांत. क्विंटलाचे किती रुपये व्हावेत हे आयात-निर्यातीची धोरणे आणि दूरदेशीचे बाजार ठरवितात. ही धोरणे आखताना स्वस्त धान्य व स्वस्त कापड यांचा लाभ शहरांना मिळत असेल, तर त्या लाभाची किंमत चुकविणाऱ्याचा हिशेब तपासणे हा उपकार नव्हे. तो न्यायाचा भाग आहे. अठरा पेन्सांच्या वादात आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे कोणाचा लाभ कोणाच्या खिशातून, तो दोन्ही बाजूंनी विचारला गेला पाहिजे.

वेळेवर कर्ज फेडणाऱ्याला व्याजाची सवलत देणाऱ्या योजनेला पंजाबरावांचे नाव देऊन शासनाने त्यांचा उचित गौरव केला आहे. परंतु पंजाबरावांच्या हयातीतील मोठे काम ज्याला वेळेवर फेडता आले नाही त्याच्यासाठी होते. त्याच्यासाठी शासनाने पापळच्या या सुपुत्राच्या नावाने अद्याप काही उभारलेले नाही. दरवर्षी २७ डिसेंबरला वऱ्हाडभर त्यांच्या पुतळ्यांना हार पडतात आणि त्याच महिन्यात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरण्याचा प्रघात आहे. १९३३ चा कायदा नागपुरातच झाला होता. त्याची सुधारलेली आवृत्ती तेथेच मांडली जावी, आणि वऱ्हाडच्या प्रतिनिधींनी पक्षभेद विसरून तिची मागणी करावी.